दुभाष्या

डॉक्टर शम्सा म्हणाल्या, तुम्ही फक्त भाषांतर करायचं,
सुचवायचं नाही. भुवईसुद्धा हलवायची नाही.
मी हो म्हटलं.
एकतीस वर्षं मस्कतच्या एका सिमेंट कंपनीत
दुसऱ्यांचे आकडे या वहीतून त्या वहीत नेले आहेत,
पदरचं काही न घालता.

आज वार कोणता?
"गुरुवार. सुट्टी आहे."
इथली सुट्टी शुक्रवार-शनिवार झाली, त्यालाही आता वर्षं लोटली.
कुंदाच्या आठवड्यात अजून गुरुवारी सकाळी
मत्राहच्या बाजारातून सुरमई येते,
आणि मी ती साफ करून न आणल्याबद्दल बोलणी खातो.
मी नुसतं 'गुरुवार' सांगितलं.
मासळी माझ्याकडेच ठेवून घेतली.

ऋतू कोणता?
"एसीचा."
नर्स लिसी हसली, डॉक्टरही हसल्या,
मग पेन कागदाच्या वर तसंच थांबलं:
याला गुण द्यायचा की नाही?

शंभरातून सात-सात वजा करत जा.
इथे मात्र बाई ताठ बसल्या.
इंडियन स्कूलमध्ये बावीस वर्षं पाचवीचं गणित,
त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर,
पुरे म्हटलं तरी थांबेना,
जिना उतरावा तशी खाली खाली गेली
आणि म्हणाली, "बाकी दोन."
आमचीही बाकी दोनच.
हे मी भाषांतरात घेतलं नाही.

देश कोणता?
खिडकीत तपकिरी डोंगर, गवताची एक काडी नसलेला.
तिने डोंगराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
बराच वेळ घेतला.
"ह्यांच्या कंपनीचा."
मी तोंड उघडलं आणि मिटलं.
चूक म्हणू?
पासपोर्टमधल्या शिक्क्याचा अर्थ
इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितला नव्हता.

आता ते तीन शब्द, मघाशी लक्षात ठेवायला दिलेले.
"कुठले शब्द?"
लिंबू माझ्या जिभेखाली होतं. आंबट पाणी सुटलं होतं.
मी गिळलं.

पुढची तारीख नोव्हेंबरची.
माझं रेसिडेंट कार्ड ऑक्टोबरात संपतं.
लिसीने दोन्ही तारखा पाहिल्या,
आणि चिठ्ठी उगाच दोनदा स्टेपल केली.
बाहेर पडताच दोघांचेही चष्मे वाफेने आंधळे.
माझा तिने काढला, ओढणीला पुसला, परत घातला,
न विचारता, नेहमीसारखा.

त्या रात्री पावणेतीनला
फ्रीज उघडा, त्याच्या उजेडात ती, अनवाणी.
"लिंबू," म्हणाली.
"होडी."
मग फ्रीजचा मोटार सुरू झाल्याचा आवाज, आणि त्यावरून:
"सतरंजी. बरोबर ना?"
बरोबर, म्हटलं.
पावणेतीनला दवाखान्यात फोन कोण उचलतं?

ऑक्टोबरात कंपनीने आणखी एक वर्ष दिलं,
हे तिसरं 'आणखी एक'.
कार्डाच्या ऑफिसात कुंदाने काचेवर बोटं टेकवली,
हिरवा दिवा लागला.
मशीनला ती आठवली.

नोव्हेंबरात शब्द बदलले होते. किल्ली, उंट, घागर.
पाच मिनिटांनी विचारलं, आणि ती लगेच,
वर्गात पहिला हात वर व्हावा तशी:
"लिंबू, होडी, सतरंजी."
काय म्हणाल्या? डॉक्टरांनी विचारलं.
मी शब्दशः सांगितलं.
त्यांनी शून्य मांडलं. नियमाप्रमाणे बरोबरच.
आमच्या वह्यांत अशा रकमेसमोर
'मागील पानावरून' असं लिहायचे,
आणि बेरजेत धरायचे.

मी भुवई हलवली का, आठवत नाही.
कुंदा तोवर पर्स उघडून शोधत होती;
लिमलेटची गोळी लिसीच्या तळहातावर ठेवली,
दर वेळी ठेवते,
आणि दर वेळी विचारते, तुझं नाव काय गं?