साडेपाचला बारा

एकतीस डिसेंबरला मी नऊलाच झोपते.
कानात कापूस. कंपूच्या चौकात पोरं
आकडे उलटे मोजतात, फटाक्यांच्या लडी लावतात.
लावोत.
माझे बारा वाजायला अजून साडेपाच तास असतात.

पाचला उठते. धुकं एवढं
की किल्ला आहे, हे केवळ विश्वासावर.
केर काढते, मोरी घासते.
देणी कालच फेडलीत: किराणा, पेपर,
इंगळ्यांच्या सुमनकडून आणलेली वाटीभर साखर.
जुन्या वर्षात कुणाचं काही ठेवायचं नाही,
असा तिकडचा नेम आहे.

तिकडे म्हणजे स्कॉटलंड.
मी गेलेली नाही. पासपोर्ट नाही, तिथं कुणी नात्याचं नाही.
ए.जी. ऑफिसात बत्तीस वर्षं
दुसऱ्यांच्या प्रवासभत्त्यांवर लाल खुणा केल्या,
तेवढाच प्रवास.

पण लहानपणी शेजारी खानविलकर हवालदार राहायचे,
फौजेच्या बँडमधून रिटायर झालेले.
संध्याकाळी गच्चीवर उभे राहत,
काखेत बॅगपाइपची पिशवी, कोकरू दाबून धरावं तशी,
खांद्यावर तीन नळ्या.
गल्ली म्हणायची, ओरडली बकरी.
माझे वडील गाणाऱ्यांचे तंबोरे जुळवून द्यायचे.
एकदा जिन्यात थबकले, बोट वर केलं :
"ऐक. वर काय वाटेल ते होऊ दे,
खाली षड्ज मांडी ठोकून बसलाय.
आणि निषाद कोमल.
हा खमाजाच्या गल्लीतला माणूस आहे."
त्या दिवसापासून मला बकरी ऐकू आली नाही.

हवालदारांच्या उस्तादांचे उस्ताद तिकडचे.
त्यांच्याकडून आलेली गोष्ट अशी :
बारानंतर उंबऱ्यात पहिलं पाऊल
काळ्या केसांच्या पुरुषाचं पडावं,
हातात कोळसा असावा. वर्षभर घर ऊबदार राहतं.
पिंगट केसांचा नको.
पिंगट केसांचे एकदा होड्यांतून आले होते,
कुऱ्हाडी घेऊन.

आमच्या गल्लीत काळ्या केसांचा म्हणजे हरविलास प्रेसवाला.
वय बासष्ट. केस काळ्या मेंदीचे, पण काळे.
कोळसा तर त्याच्या इस्त्रीच्या पोटातच.
अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा बोलावलं तेव्हा म्हणाला,
"शनि को उपाय है का, बाई?"
तसंच काहीसं, मी म्हणाले.

पाच पंचवीस.
फोन लोणच्याच्या बरणीला टेकवलेला.
तिकडे तिरका पाऊस, छत्र्या, हजार माणसं,
आणि गुडघ्यापर्यंत मोजे घातलेले वादक, गाल फुगवून.
मागचं दार उघडते, जुनं वर्ष जाऊ दे.
पुढचं उघडते, धुकं आत येतं, आधी पायांशी.
साडेपाच. घंटा.
तिकडे सगळे हात आडवे-तिडवे गुंफून
एकमेकांचे धरतात, डोलतात.
मीही गुंफते :
उजव्यात डावा, डाव्यात उजवा.
एवढंच माणूसबळ.

मग वाट बघते.
दिवाळीत हरविलासनं गॅसची इस्त्री घेतली.
मी छान आहे म्हणाले होते. दुसरं काय म्हणणार?
पाच पस्तीस. चाळीस.
वादकांनी तोंडं काढली, तरी पिशवीत उरलेला श्वास
नळ्यांतून वाजतच होता थोडा वेळ.

चपला.
मफलर, मफलरच्या आत हरविलास,
कोटाच्या आत वर्तमानपत्राची पुडी.
"पुरानी प्रेस बेची, तब एक निकाल लओ थो."
उजवा पाय आत. कोळसा माझ्या तळहातावर,
गार, भलताच हलका.

तिकडे लोण्याची बिस्किटं देतात; मी गजक फोडली.
आल्याचा चहा. तो उकिडवा बसला, दाराशी,
बशीत फुंकर घालत.
मग कपबशीकडेच बघून म्हणाला,
"हमने हू किवाड़ खोल के रखे थे, बाई.
सबसे पहले भैंस घुस आई."

मी विचार केला.
"काली?"
"एकदम काली."

मग चालतं, मी म्हणाले,
आणि आणखी चहा ओतला.