चष्मा

राजारामपुरीतल्या थेटरात
दाराशीच थ्रीडी चष्मे वाटत होते.
आप्पांच्या कानांवर काही तो बसेना.
चाळीस वर्षं आखाड्यात चेचलेले कान,
दांडीला जागाच नाही.
शेवटी हातानं धरून बसले,
जोतिबाच्या जत्रेत दुर्बीण धरावी तसे.

आईच्या पर्समध्ये भडंगाची पुडी.
कागद वाजेल म्हणून
पडद्यावर वादळ येईपर्यंत थांबली.

कासवाचं पिल्लू होतं. हिरवट, जरासं तिरळं,
समुद्राची वाट चुकलेलं.
"पोरांचं कार्टून न्हवं हे," आप्पा म्हणाले,
आणि घारीनं झडप घातली तेव्हा
खुर्चीतल्या खुर्चीत पवित्रा घेतला.
पुढच्या बाईंनी वळून बघितलं.

मग ते पिल्लू एका पालथ्या शिंपल्याला
आई समजून ढुशा द्यायला लागलं.
आप्पा उठले.
"गाडी नीट लावलीया का बघून येतो."

आम्ही रिक्षानं आलो होतो.

सिनेमा सुटला तेव्हा बाहेर पायरीवर बसलेले,
तंबाखू मळत,
आभाळाकडं बघत, ढग नसताना.

रात्री गार्गी पाणी प्यायला उठली.
अंधारात माठापाशी आप्पा उभे.
"सापडली का गं त्येला?"
"कोण?"
"आई."
"नाही. समुद्र सापडला."
"आसं व्हय," म्हणाले.
तांब्या पालथा घातला,
परत सरळ केला.

सकाळी धुण्यात सदऱ्याच्या खिशातून चष्मा निघाला,
एक दांडी वाकवलेली,
कानाच्या मापानं.