पाण्याखालची खाण

पहाटे गाडीतून उतरलो, स्टँडवर चहा घेतला.
चहावाला म्हणाला, पावणं कुठलं?
मी म्हणालो, बल्लारपूर.
त्याला ते कुठं आहे ते ठाऊक नव्हतं,
पण त्यानं मान हलवली,
आणि बशीत आणखी दोन घोट ओतले.

आमच्याकडे पाहुणा आला
की दाखवायला एकच गोष्ट असते: खड्डा.
आधी साहेबानं खणला, मग कंपनीनं, मग सरकारनं.
आता तिथं हिरवं पाणी आणि एक पाटी,
पाटीवरची अक्षरं उडालेली.

दहाला टाऊन हॉल.
टोकदार कमानी, बाहेर तोफा, आत गारवा.
काचेखाली मणी, खापरं, एक दिवा,
ब्रह्मपुरीच्या टेकडीतून वर काढलेला.
राखणदार पेंगत होता.
मी बराच वेळ त्या दिव्यापाशी थांबलो.
बाबा तीन नंबरच्या पिटात उतरायचे
तेव्हा कपाळावर दिवा असायचा.
तो कुणी काचेखाली ठेवला नाही.
आईनं भंगारवाल्याला दिला, बॅटरीसकट, अकरा रुपयांना.

पुढं पंचगंगेवरचा जुना पूल,
साहेबाच्या काळातला, काळ्या दगडाचा.
पुलाच्या तोंडाशी पाटे-वरवंटे मांडून
यल्लव्वा कुसाळकर बसलेली,
मांडीशी पाटा, हातात छिन्नी,
टक् टक् टक्, ग्राहकाकडे न बघता.

दगड कुठला, मावशी?
‘जोतिबाच्या अंगाचा.
पयल्यांदा रंकाळ्यातनं काढायचे म्हणत्यात.’
रंकाळा तर तळं आहे ना?
‘आता हाय. आदी खाण हुती.
द्येवळाचा दगूड तितलाच, आसं माजा सासरा सांगायचा.
मग भुई हालली, पानी आलं.’
आणि खणणारी माणसं?
तिनं छिन्नी थांबवली. पहिल्यांदाच.
‘ती व्हय? ती घण घिऊन फुडच्या डोंगराला ग्येली.
पान्याला दगूड फोडणारा काय करतोय?’
मग फुंकर मारून पाट्यावरची भुकटी उडवली,
थोडी माझ्या चष्म्यावर.

घरी मिक्सर आहे.
तरी वरवंटा घेतला. तिनं भाव केला नाही, मीही नाही.

संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाल्ली.
पोरं हंसाच्या होडीत पाय मारत होती,
एक म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात,
कठड्यावर नवं जोडपं, मध्ये फुटाण्यांची पुडी.
मी कागद चाटूनपुसून घडी केला
आणि पाण्याकडे बघत हिशेब करत बसलो:
किती घाव, किती गाढवं, किती पाट्या डोक्यावरून,
असं तळं भरायला आधी किती रितं करावं लागतं.
हिशेब जमेना.
आमच्या खड्ड्याकाठी कुणी भेळेची गाडी लावली तर?
हसू आलं. मग नाही आलं.

रात्रीच्या गाडीत पिशवी वर जाईना.
शेजारचा म्हणाला, काय भरलंय एवढं, दगड?
हो म्हणालो, आणि मांडीवर घेतली.
मिरज येईपर्यंत
तो माझ्या अंगाइतका ऊन झाला होता.