चपलांचा जोड, एक

पणजीच्या अभिलेखागारात पंखा सावकाश फिरतो,
जोरात फिरला तर कागदाचा भुगा उडेल म्हणून.
मिलाग्रीसबाब दोन्ही हातांनी वही आणून ठेवतात,
जाताना म्हणतात,
कसरीनं खाल्लंय तेवढं सोडून वाच.

चोडणच्या गावकरीचा जमाखर्च, सोळाशे अठ्ठ्याहत्तरपासून पुढं.
मी हिशेबात भुतं शोधायला आले आहे.
प्रबंधाचं नाव लांब, शिष्यवृत्ती आखूड.

न्हावी. सुतार. मानशीची दारं उघडणारा.
इगर्जीच्या दिव्याचं तेल.
आणि मग दर साली, त्याच जागी, ही ओळ:
बांदावर रात्री फिरणाऱ्यास
रोट एक, सूर अर्धा घडा, चपलांचा जोड एक.

न्हाव्यानं निशाणी म्हणून आरसा काढलाय,
सुतारानं किंकरं.
ह्याच्यापुढं काहीच नाही.
अठरा वर्षं घेऊन गेला, सही न करता.
जोड मात्र खरा होता:
खाली चांभाराची रापी आहे, पैसे पोचल्याची.

दुसऱ्या दप्तरात क्वितेरिया नावाच्या विधवेची जबानी.
होय, वहाणा मीच नेऊन ठेवते.
होय, वर्षानं उचलते तेव्हा टाचा झिजलेल्या असतात.
नाही, पूजत नाही.
चालतो, म्हणून देते.

लेखनिकानं आधी लिहिलं सैतान. खोडलं.
मग आत्मा. तेही खोडलं.
शेवटी तिचाच शब्द, रोमी अक्षरांत,
कानावर पडला तसा: देवचार.
चुकलाय तो लिहिताना,
पण किती जपून चुकलाय.

तिचं पुढं काय झालं ते पान कसरीकडं आहे.

शहाण्णव साली ओळीवर काट.
समासात दोन शब्द: आज्ञेवरून बंद.
सत्त्याण्णव साली वही अचानक फुगते.
चिखल, बांबू, पेंढा, होड्यांचं भाडं,
दोनशे दहा माणसं, अकरा दिवस,
फुटलेल्या बांदाला.
भाताच्या जागी त्या साली मिठाची जमा.

माझे मार्गदर्शक म्हणतील, भरती मोठी आली असेल.
आली असेलच.
एका बांदावरून सिद्धान्त उभा राहत नाही,
हे मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं
आणि खाली रेघ मारली, जरा जास्तच जोरात.

मग नव्व्याण्णव.
नवा लेखनिक, अक्षर तिरकं, घाईचं.
अगदी तळाला, किरकोळमध्ये,
मेणबत्त्या आणि उंदरांच्या औषधाच्या मध्ये दडवलेलं:
चामडं, थोडं.
कशाला, ते नाही.
पुढं रापी.

पाच वाजता मिलाग्रीसबाब खिडक्या लावायला येतात.
मी तीन वर्षं भूत म्हणतेय,
ते भूत, नपुंसकलिंगी,
तळटीपेत बसेल असं.
ते वही मिटतात, फीत बांधतात,
आणि सहज विचारतात,
"मेळ्ळो?"