ओळ दोनशे दहा

पेटी उघडली तेव्हा डांबरगोळ्यांचा वास,
बंद पडलेल्या मिलच्या छापाचा टॉवेल,
आणि टॉवेलात हे:
पाटीएवढं काळं अंग, रबराच्या करड्या कळा,
कोपऱ्यात तिरपा रंगीत पट्टा.
श्यामला अक्काचं स्पेक्ट्रम.
वडिलांनी पुण्याहून एसटीनं आणलेलं, मांडीवर ठेवून,
कारण कुणीतरी सांगितलं होतं,
आता चादरीची डिझाइनं ह्याच्यातच होणार.

विजापूर वेशीत तौसिफचं मोबाइलचं दुकान.
वय तेवीस. उलटंपालटं करून म्हणाला,
"कीबोर्ड दिलात, काका. कॉम्प्युटर कुठंय?"
म्हटलं, हाच.
मग तो हसला नाही. स्क्रू काढायला लागला.

दोन कपॅसिटर फुगलेले, भिजल्या शेंगदाण्यांसारखे.
कळांखालची फीत हात लावताच मोडली.
अ‍ॅडॉप्टरला मीटर लावून तो दचकला:
"ह्याचं सगळंच उलटं हो. मध्ये मायनस!"
पंधरा दिवस गेले, काही सुटं सामान कुरिअरनं आलं.
नव्या टीव्हीला जुनी वाट कळत नव्हती,
म्हणून पत्र्याच्या डबीतून एक तार पिवळ्या पिनेला,
पिवळी पिन काडेपेटीएवढ्या कन्व्हर्टरला,
कन्व्हर्टर त्रेचाळीस इंची टीव्हीला.
बायको म्हणाली, आधी सूत सोडवा, मग माग लावा.

कॅसेटवर अक्काचं अक्षर: मोर, शेवटचा.
टेपरेकॉर्डर तौसिफच्या मामूकडे, कव्वाल्यांसाठी जपलेला.
त्यावरून आवाज फोनात घेतला.
फोनला कानाचं भोक नाही, म्हणून त्यालाही एक शेपूट.
आवाज पूर्ण. जे दाबला, अख्खा 'लोड' उमटला.

आणि किंकाळी.
शेजारच्या पोचम्मा मावशी विड्यांचं सूप तसंच टाकून दारात.
पडद्याच्या चारी कडांना पट्टे धावू लागले,
निळे पिवळे निळे पिवळे,
आमच्याच चादरीचा काठ, कुणी माग पिसाळून सोडलेला.
"बिघडलं?" तौसिफ.
"नाही. विणतंय."

तीनदा चुकलं. चौथ्या खेपेला लागलं.
मोर. रांगेत सोळा, अशा अकरा रांगा,
आणि सगळ्यांची चोच तुटलेली.

मला आठवलं.
अशोक चौकातल्या कारखान्यातून कार्डं ठोकून आलेले वडील,
डिझाइन मास्तर, बनियनवर पुठ्ठ्याची भुकटी,
उभ्याउभ्याच बघून म्हणाले होते,
"सोळा हुकांत मोर? आणि हा दाणा टिपणार कसा?"
ह्याला बटण नसतं, वायरच उपटावी लागते.
अक्कानं उपटली.
पुढं बारावी, पुढं भिवंडी.

भिवंडीला व्हिडिओ कॉल लावला. मागं यंत्रमागांचा खडखडाट,
ती ओरडूनच बोलते, एरवीही.
फोन टीव्हीसमोर धरला.
बराच वेळ काही नाही;
वाटलं, नेटवर्क गेलं.
मग म्हणाली, "ओळ दोनशे दहा.
पाचव्या जागी शून्य आहे, तिथं एक हवा.
त्याच रात्री कळलं होतं मला, अंथरुणात."
"मग सांगितलं का नाहीस?"
"कुणी विचारलं?"

कार्डात जिथं भोक, तिथं धागा वर.
मी दोनशे दहाव्या ओळीत भोक पाडलं.
एकशे शहात्तर मोरांना एकदम चोच आली.
पोचम्मा मावशी तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या,
तौसिफनं फोटो काढला, फोटोत पडदा लहरत होता.
आणि अक्का, खडखडाटाच्या वरून,
"बघत काय बसलास? टेपवर घे आधी.
वीज गेली की ह्याला काही आठवत नाही."