निधान

कणकुंबी सोडली की उतार लागतो, तिथं पिवळ्या पाटीवर
कन्नडात एकच शब्द आहे: निधान.
हळू, एवढाच अर्थ.
मराठीत वाचला तर ठेवा, जमिनीत पुरलेला.
त्या दिवशी दोन्ही अर्थ एकदम कळले,
कारण पाय ब्रेकवर होता
आणि ब्रेक खाली जात होता, जातच होता,
चिखलात जातो तसा.
चिखलालाही कुठंतरी तळ असतो.

सेकंडवर टाकली. इंजिन किंचाळलं.
मागं मेहुणी, मांडीवर फणस,
म्हणाली, भावोजी, आज फारच जोरात की हो?
हँडब्रेक ओढत, डाव्या अंगानं दरड घासत
गाडी थांबली.
जळक्या लायनरचा वास
आमच्याही पुढं जाऊन उभा राहिला.

गाडी सोळा वर्षांची. नंबर कोल्हापूरचा, धूळ बेळगावची.
तक्रार कुठल्या राज्यात करायची
इथूनच सुरुवात.
सर्व्हिस सेंटरचा पोरगा चक्कर मारून आला,
तिसऱ्या गेटपर्यंत, सपाट रस्त्यानं.
'एनू इल्ल री, सरी ऐती.'
काही नाही, ठीक आहे.
कार्डावर शिक्का: ओके.

दस्तगीरच्या गॅरेजात मग एकेक जण भेटत गेला.
निपाणीचे नेमगोंडा चौगुले, तंबाखूवाले:
यांची तीच गाडी, तोच रंग,
थांबली ती उसाच्या ट्रॉलीत शिरून.
कपाळावरची खूण ते टोपी काढून दाखवतात,
कुणी विचारलं नाही तरी.
खानापूरच्या फिलोमिना सिस्टर रात्रपाळीहून येत होत्या,
रेल्वेचं फाटक पडलेलं.
'फाटक थोडं वाकलं, बाकी काही नाही,' म्हणतात,
आणि पुढचं वाक्य सुरूच करत नाहीत.

अर्ज लिहिला. सिस्टरनी कन्नडात, मी मराठीत,
अकरा सह्या, एक अंगठा.
उत्तर इंग्रजीत आलं, चार ओळींचं.
चौगुल्यांच्या नातवानं वाचून दाखवलं:
वाहन जुनं आहे. देखभाल मालकाची.
'एवढंच?' चौगुले म्हणाले.
नातवानं कागद उलटा करून पाहिला.

दस्तगीरनं मास्टर सिलिंडर खोलला,
तळहातावर रबराचा कप ठेवला.
फुगलेला. कडेला चीर, तांदळाएवढी.
'एवढ्याशा तोंडातून
सगळं तेल परत पळतंय बघा.'

मी बघितलं आणि बोललो नाही.
उद्यमबागेत एकवीस वर्षं
मी ब्रेकचे ड्रम तपासले आहेत.
टांगायचा, हातोडी मारायची, कान द्यायचा.
चांगलं बीड देवळातल्या घंटेसारखं घुमतं,
तडा असेल तर बद्द.
एका महिनाअखेरीला, रात्री अडीचला,
ट्रक दारात घुरघुरत असताना
एक ड्रम बद्द वाजला.
पुन्हा मारली. बद्द.
मग जरा हळू मारली.
हळू मारलं की सगळंच बरं वाजतं.
खडूनं ओके लिहिलं
आणि हात पँटला पुसला.

माझ्या गाडीचा दोष रबराचा, बीडाचा नाही.
दस्तगीरनं दाखवलाय, मला पटलंय.
तो ड्रम कुठल्या घाटात गेला, कुणाच्या पायाखाली,
हे विचारायला खिडकी नाही.
दुसऱ्या अर्जात 'व्यवसाय' असा रकाना होता.
तिथं मी निवृत्त एवढंच लिहिलं.
सिस्टरनी विचारलं, कशातून?
म्हटलं, फौंड्रीतून. आवाजात काम करत होतो.

कप नवा बसवला, तेल नवं.
सीटखाली फणसाच्या लाकडाची उटी ठेवली आहे,
चाकाला लावायला.
मेहुणी आता बसनं जाते.
रोज सकाळी दारातच उभ्या गाडीत बसतो,
काच वर करतो, ब्रेक दाबतो,
दाबून धरतो,
आणि पायानं नाही, कानानं वाट बघतो.
बायको आतून विचारते, कुठं निघालात?

कुठं नाही.