कल्हईखाली

तांबट आळीत येणारा आधी पत्ता विचारतो,
मग कानावर हात ठेवतो.
येमाने उलटा. कसब्यात डोळे मिटून उभा राहिला,
आवाजाच्या मागे मागे आला
आणि आमच्या दुकानाच्या पायरीवर बसला.
मोडक्या हिंदीत म्हणाला, हा आमच्या घरचा आवाज आहे.
बाबा म्हणाले, चहा सांग.

अस्मारात म्हणे एक बाजार आहे.
लढाईत पडलेले रणगाडे, तेलाचे डबे,
तोफगोळ्यांची टरफलं ठोकून
तिथे शेगड्या करतात, खाटा करतात.
याचे वडील पत्रा सरळ करायचे.
आधी वाकडं सरळ करायला शीक, मग सरळ वाकव,
एवढंच त्यांनी शिकवलं.
बाकी सगळं सरकारने: शिष्यवृत्ती, पुणे, धातूंची पदवी,
आणि परत गेल्यावर एक काम.
चौकासाठी सेनापती हवा होता.
याने बूट केले. रिकामे. चाळीस जोड्या.

त्यावरून दोन वर्षं, एका लोखंडी कंटेनरमध्ये.
आत काय करायचास, मी विचारलं.
ऐकायचो.
पत्रा दुपारी तापताना वाजतो,
रात्री निवताना वाजतो. दोन्ही आवाज वेगळे.
त्या ठेक्यावर ओळी बसवल्या.
कागद नव्हता, म्हणून पाठ केल्या.

सुटून इथेच का आलास?
या एका परक्या शहरात मला रिक्षाचं भाडं माहीत होतं.

कोंढव्यात चौघांत एक खोली.
दर सहा महिन्यांनी आयुक्तालयात तोच फॉर्म,
त्यात तोच रकाना: परतीची तारीख.
थिटे मॅडम म्हणायच्या, काहीतरी लिहा हो,
रिकामं चालत नाही.

रविवारी जुन्या बाजारातून फुटके बंब आणायचा,
कापून, उलगडून, त्यांतून बायका बसवायचा:
उकिडव्या, कॉफी ओतताना, मान खाली.
बाबांना ते ठोके बघवायचे नाहीत.
मठार कसा हवा, ठोक्याला ठोका चिकटून,
माशाच्या खवल्यासारखा. हे सुटे सुटे.
यात पाणी राहणार नाही रे.
तो म्हणायचा, राहू नये.

एकदा प्रदर्शन झालं. दोन दिवस.
कोणी एका बाईंनी विचारलं, ह्यात आफ्रिका कुठे दिसते?
मागच्या बाजूला, म्हणाला.
त्या खरंच मागे जाऊन बघून आल्या.

मला अक्षरं शिकवायला बसला होता.
तुमची बाराखडी, आमची साताखडी,
पाच स्वर आम्ही वाटेत विकले.
मी हसले. मग कळेना, हसायचं होतं का.
फार नाही शिकले, हिशेबाच्या वह्या पडल्या होत्या.

मार्चात कुठल्याशा थंड देशाने त्याला घेतलं.
आठ दिवसांची मुदत.
बायका ट्रकने कुठे गेल्या मला ठाऊक नाही.
जाताना एक पितळी पातेलं दिलं,
बाबांच्याच हातचं, आमच्याकडूनच विकत घेतलेलं.
आतून बुडापासून काठापर्यंत ओळी कोरल्या होत्या,
कंटेनरमधल्या,
आणि वर चकचकीत कल्हई करून घेतली होती.
दिसत काहीच नव्हतं.
वापर, म्हणाला. ठेवून देऊ नकोस.

वापरते.
चिंच-गुळाची आमटी मुद्दाम त्यातच करते,
चिंच जरा जास्त घालते.
आई म्हणते, कळकेल, विष होईल, कल्हई करून आण.
कल्हईवाला पंधरा दिवसांनी खालून ओरडत जातो.
मी गॅलरीत येते, बाकीची भांडी देते.

काल आमटीला हिरवट चव आली.
ओतून दिली. घासताना बुडाशी
एक अक्षर बोटाला लागलं,
दोन पायांचं, एक पाय मुडपलेला.
सातांतलं कितवं, ते मला येत नाही.

बाबा पातेलं उजेडाकडे धरून बराच वेळ बघत होते.
म्हणाले, कोरणं मात्र बरं होतं त्याचं.
आणि पालथं न घालता
तसंच उताणं ठेवलं.